कमरेचं वजन

परवाना हातात देताना कचेरीतल्या कारकुनानं
फोटो बघितला, मग मला, मग परत फोटो.
"बाईंच्याच नावावर?"
व्हय म्हटलं. चांदी बाईंच्याच पिशवीत असती.

हुपरीहून गुजरीपर्यंत
पैंजणं, जोडवी, छल्ले
अकरा वर्षं एकटीनं आणले.
एका दिवाळीच्या तोंडावर दोघांनी मोपेड आडवी घातली.
पिशवी गेली. डाव्या मनगटात तार राहिली,
थंडी पडायच्या आधी ती मला कळवती.

येसबा खोत, रिटायर सुभेदार, सैनिक टाकळीचे.
पहिल्याच दिवशी म्हणाले,
"गोळ्या माझ्या कपाटात राहू देत.
दोन महिने रिकामंच बाळग.
जिना चढ, कणीक मळ, गिऱ्हाईकाशी घासाघीस कर,
आणि सांजचं येऊन सांग
दिवसभरात हात किती वेळा तिकडं गेला."

एकेचाळीस वेळा.
मोजलेले. न मोजलेले देव जाणे.

"आणि रिकामं म्हणू नकोस त्याला.
रिकाम्यानंच जास्त माणसं गेलीत."
बोट बाहेर. सरळ. उदबत्ती धरल्यासारखं.
तोंड कायम तिकडं, जिथं कुणाचं मूल नाही.

शिंप्याला सांगितलं, कुर्ता कमरेत सैल ठेव.
त्यानं चष्म्यावरनं बघितलं. "वहिनी, दिवस...?"
चव्वेचाळिसाव्या वर्षी!
मी नुसतं हसलो.
(आम्ही कोल्हापूरच्या बायका असंच बोलतो, आलो, गेलो, हसलो.
लपवायची सवय जिभेला आधीपासनंच.)

एकोणीस वेळा.
मग नऊ.

नणंदेच्या घरी हळदीकुंकवाला
ती मिठी मारायला आली आणि मी
वाणाचं ताट मध्ये धरलं.
"लई बदललीस गं," ती म्हणाली.
काय सांगू? की मला आता
उजवीकडनं कुणी जवळ घ्यायचं नाही?

लक्ष्मीपुरीत टेम्पोवाल्यानं माझा आरसा मोडला,
वर माझ्या आईवरनं बोलला.
मागची मी असतो तर चप्पल हातात होती,
गल्ली गोळा केली असती.
कानशिलं तापली. हात गाडीच्या मुठीवर ठेवला, दोन्ही.
म्हटलं, "भाऊ, चुकलं माझं."
आख्खा बाजार बघत होता.
शेंगदाणेवाल्या आत्तीनं तर मान फिरवली,
माझीच लाज वाटून.

येसबांनी त्या सांजेला आकडा विचारला नाही.
चहा पिऊन झाल्यावर उठले,
कपाट उघडलं,
गोळ्यांची डबी माझ्यासमोर ठेवली.

आज त्यालाही वर्ष झालं.
घरी आलं की आधी कुलूप, मग चप्पल काढायची.
अंबाबाईला मात्र आत जाता येत नाही सामान घेऊन.
महाद्वाराबाहेर, खणांच्या दुकानापाशी थांबतो,
तिथनंच हात जोडतो.
तिची गदा सगळ्यांना दिसती.
तिला शिंपी काही विचारत नाही.

परवा निवडणूक लागली.
आचारसंहिता, शस्त्रं जमा करा.
ठाण्यात हवालदारानं नंबर लिहून घेतला,
निळ्या शाईची पावती फाडून दिली.
रस्त्यावर आलो तर पाय हलके,
चालताना एका बाजूला कलल्यासारखं होतंय.
तडक नणंदेकडं गेलो.
दार उघडल्या उघडल्या तिला धरलं,
दोन्हीकडनं, घट्ट, तिच्या हाताचं पीठ माझ्या पाठीवर.
"अगं, काय झालं? कोण गेलं का?"
काही नाही म्हटलं. सोडलं नाही.

रात्री झोपताना मोजलं.
आज त्या रिकाम्या जागेवर
हात चौदा वेळा गेला.
येसबांना उद्या सांगाय पाहिजे.